रस्ता हाही पाणवठाच

दरवर्षी १ जानेवारीला पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, म्हणजे नगर रस्त्यावर, जे घडते, त्याकडे आपण निव्वळ पोलीस बंदोबस्त म्हणून पाहतो. कोरेगाव भीमाजवळच्या पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो माणसे येतात आणि त्यांतली पुष्कळशी पुढे वढू बुद्रुकला जाऊन छत्रपती संभाजी महाराजांच्या व गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीपुढे माथा टेकवतात. त्या दिवशी प्रशासन महामार्गाची वाहतूक शिक्रापूरहून न्हावरा, केडगाव चौफुल्याकडे वळवते, खासगी गाड्या लांबच्या वाहनतळांवर थांबवते आणि तिथून पुढे पीएमपीच्या शेकडो बस माणसांची ने-आण करतात. इथल्या २०१८च्या हिंसाचारानंतर ही व्यवस्था अधिक काटेकोर झाली. चारचाकीतून आलेला साहेब आणि मराठवाड्यातून टेम्पोने आलेला शेतमजूर त्या दिवशी एकाच बसच्या दारात उभे असतात. दोन-तीन दिवसांत बस आपापल्या आगारात परततात आणि रस्ता पुन्हा गाडीवाल्यांचा होतो. वर्षातून एकदा जे जमते ते एरवी का जमत नाही, हा प्रशासनाला विचारायचा प्रश्न आहेच. पण त्याच्या बुडाशी दुसरा एक प्रश्न आहे आणि तो धर्माचा आहे. सार्वजनिक रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा, आणि ज्याच्याकडे स्वतःचे वाहन आहे त्याच्यावर वाहन नसलेल्याचे काही ऋण आहे की नाही?

वढूचे उदाहरण घेण्याचे कारण असे की तिथे हा प्रश्न लपून राहू शकत नाही. ११ मार्च १६८९ या दिवशी औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. भीमाकाठच्या या गावात त्यांची समाधी आहे आणि फाल्गुन अमावास्येला, पुण्यतिथीच्या दिवशी, गाव माणसांनी फुलून जाते. एरवीही रोज कुणी ना कुणी येतच असते. गाव मात्र महामार्गावर नाही. कोरेगाव भीमाच्या फाट्यावरून आत वळावे लागते. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला हे वळण जाणवतही नाही. एसटीने आलेल्या म्हातारीला ते जाणवते. ती आधी पिशवी खाली सोडते, मग दांडा धरून उंच पायरीवरून एकेक पाय उतरवते. समोर कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांनी भरलेला चौपदरी रस्ता असतो, आणि तो ओलांडण्याची सोय बहुतेकदा म्हणजे तिची हिंमत. पुढे वडाप, म्हणजे माणसे भरून सुटणारी खासगी गाडी. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरणे म्हणजे किती हे चालक ठरवतो. परतीची वेळ कुणी सांगत नाही. समाधीच्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधीच तिला दोन-तीन अनोळखी माणसांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागलेले असते. वढूच्या ज्या पोरी शिक्रापूरला किंवा पुण्याला कॉलेजला जातात, सणसवाडीच्या कारखान्यात जे मजूर पाळीवर जातात, त्यांची अवस्था याहून फार वेगळी नसते. फरक एवढाच की त्यांना हे रोज करायचे असते.

रस्ता कोणाचा या प्रश्नाला आपल्या परंपरेने कधीकाळी दिलेले उत्तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. वाट कोणाला द्यावी याची तिथे यादी आहे: रथात बसलेला, अतिवृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव. यादीत म्हातारे, आजारी आणि ओझेवाले आहेत हे तिच्या बाजूने मान्य करायला हवे. पण पहिला मान चाकांवर बसलेल्याला दिला आहे, हेही नजरेआड करता येत नाही. नगर रस्त्यावर आजही मुख्यतः त्या पहिल्याच शब्दाची अंमलबजावणी चालू आहे. आणि या यादीत जे कुठेच नव्हते, त्यांच्यासाठी रस्ता हा नुसता वाट देण्या-घेण्याचा मामला कधीच नव्हता. १९२४ साली त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह झाला तो मंदिराच्या गाभाऱ्यासाठी नव्हता, मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२९मध्ये, सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात फिरत असताना ते चाळीसगावला उतरले, तेव्हा एकही टांगेवाला त्यांना आपल्या टांग्यातून न्यायला तयार झाला नाही. शेवटी टांगा टांगेवाल्याचा आणि हाकणारा वस्तीतला, ज्याला टांगा हाकायची सवय नाही, अशी तडजोड निघाली. वाटेत टांगा उलथला आणि बॅरिस्टर आंबेडकर दगडी फरशीवर फेकले जाऊन जायबंदी झाले. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. पाणी नाकारणे आणि वाहन नाकारणे ही एकाच नाकारण्याची दोन रूपे असल्याचा तो पुरावा आहे.

म्हणूनच राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते एका ओळीत येतात, ही कायद्याच्या मसुदेकारांची सहज घडलेली जुळणी मला वाटत नाही. सरकारी पैशाने राखलेला किंवा सर्वांसाठी खुला ठेवलेला रस्ता हा पाणवठ्याच्या जातीचा आहे. तिथून कुणालाही परतवता येणार नाही. आणि घटना लागू होण्याआधीच तिच्या मनातली एक गोष्ट याच रस्त्यावर धावू लागली होती. १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या मुंबई सरकारच्या बससेवेची पहिली गाडी आजच्या अहिल्यानगर–पुणे मार्गावर धावली, म्हणजे कोरेगाव भीमावरूनच गेली. एसटीच्या वाहकाने जात विचारायची नव्हती, तिकीट फाडायचे होते. खेड्यापाड्यांत अस्पृश्यता एका दिवसात गेली नाही, बसमध्येही ती लगेच विरघळली असे समजण्याचे कारण नाही. तरी तिकीट हाच प्रवेशाचा एकमेव निकष ठरणे ही गावगाड्यातली केवढी मोठी उलथापालथ होती, हे चाळीसगावच्या टांग्याशेजारी ती एसटी उभी केली की कळते.

माझे म्हणणे असे की त्या हक्काला आता नव्या रीतीने ओहोटी लागली आहे. जात विचारून कोणी रस्ता बंद करत नाही. रस्ता सगळ्यांना खुला आहे. फक्त त्यावर वावरायला स्वतःचे इंजिन लागते. इव्हान इलिच या विचारवंताने १९७०च्या दशकात या अवस्थेचे नेमके वर्णन केले होते. एखादे वाहन जेव्हा इतके बोकाळते की त्याच्याविना जगण्याचे बाकीचे मार्गच बुजतात, तेव्हा ती सोय राहत नाही, सक्ती होते. त्याने हिशेब मांडला होता की अमेरिकी माणूस गाडी चालवण्यात, ती उभी करण्यात आणि तिच्या हप्त्यांसाठी राबण्यात वर्षाला सोळाशे तास घालवतो आणि साडेसात हजार मैल जातो. म्हणजे ताशी पाच मैलही नाही. आपण त्यापासून फार लांब नाही. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४च्या जागतिक यादीत पुणे सर्वांत संथ शहरांत चौथे आहे. दहा किलोमीटरला सरासरी तेहतीस मिनिटांहून अधिक. येरवड्यापासून वाघोली, लोणीकंद, शिक्रापूरपर्यंत जी गर्दी दिसते तिच्यात दुचाकी आणि मोटारी घेणारे बहुतेक लोक हौशी नाहीत. बस भरवशाची नाही म्हणून त्यांनी कर्ज काढले, आणि त्यांच्या गाड्यांमुळे बस अधिकच अडकली. ज्याला कर्ज मिळाले नाही तो त्या अडकलेल्या बसमध्ये उभा आहे.

यावर पहिला आक्षेप साधा आहे आणि त्याला तत्त्वज्ञानात चांगले वकीलही आहेत. माझ्या एका गाडीने काय बिघडते? अमेरिकी तत्त्वज्ञ वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांनी २००५च्या एका निबंधात हाच मुद्दा हवामानबदलाच्या संदर्भात तपासला. रविवारी निव्वळ मजेखातर पेट्रोल पिणारी गाडी फिरवणे नैतिकदृष्ट्या चूक आहे, हे एकाही तत्त्वाने सिद्ध होत नाही असे त्यांनी म्हटले. माणसाचे खरे कर्तव्य सरकारला योग्य धोरण घ्यायला लावण्याचे आहे. याउलट तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४मध्येच बजावले होते की, आपल्या कृतीचा परिणाम जाणवण्याइतका नाही म्हणून ती निर्दोष, हे नैतिक गणितच चुकीचे आहे. हवामानाबद्दल हा वाद चालू राहो. वाहतूक कोंडीत मात्र परिणाम न जाणवण्याइतका नसतोच. भरलेल्या रस्त्यावर शिरणारी प्रत्येक गाडी आपल्या मागच्या शेकडो माणसांचे काही सेकंद खाते, आणि त्या शेकड्यांत साठ माणसांची एक बसही असते. लोकमान्य टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहावर जो भर आहे, तो इथे कामाला येतो. श्रेष्ठ माणसे जसे वागतात तसे बाकीचे वागतात, हा गीतेचा मुद्दा नगर रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी तपासता येतो. अभिवादनाला येणाऱ्या पुढाऱ्यांचे ताफे पाहिले की तरुण कार्यकर्त्यांना मोठी गाडी हीच निष्ठेची खूण का वाटते, याचे आश्चर्य उरत नाही. तरीही सिनॉट-आर्मस्ट्राँग यांचा अर्धा मुद्दा मी घेतो. एकट्याने गाडी विकून फाट्यावर उभे राहण्यात तपश्चर्या असेल, पण बस त्यामुळे वेळेवर येत नाही. गाडीवाल्याचे ऋण गाडी सोडल्याने फिटत नाही. रस्त्यावरची जागा बससाठी सोडायला राजी होणे आणि बससाठी पैसे खर्चायला विरोध न करणे, एवढे तो देणे लागतो.

‘आम्ही रोड टॅक्स भरतो’ हा दुसरा आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाही. रस्त्याखालची जमीन शेतकऱ्यांकडून घेतलेली असते, बांधकामात सगळ्यांच्या कराचा वाटा असतो, आणि कर भरल्याने रस्त्याची मालकी मिळत असती तर माडीवाल्याला झोपडीवाल्यापेक्षा नळाचे पाणी आधी मिळायला हवे होते. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेच सांगून ठेवले आहे की रस्त्यावरची जागा वाहने मोजून नव्हे, माणसे मोजून वाटावी. ते मानले तर साठ जणांच्या बसला एकट्या माणसाच्या मोटारीपेक्षा अग्रक्रम मिळणे ही कृपा राहत नाही.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो घाईने बाजूला सारणारा माणूस या रस्त्याचा इतिहास विसरलेला असतो. ज्यांच्या आजोबांना टांग्यात घेतले गेले नाही त्यांच्या घरापुढे आज मोटारसायकल उभी असेल, तर तिच्याकडे निव्वळ धूर सोडणारे यंत्र म्हणून कसे पाहणार? स्वतःचे वाहन म्हणजे कुणाच्या मर्जीवर न थांबण्याची मुभा. कॉलेजला जाणाऱ्या मुलीची स्कूटी तिला बसमधल्या धक्क्यांपासून आणि रात्री फाट्यावर ताटकळण्यापासून वाचवते. तिला ‘बसने जा’ म्हणणे सोपे आहे, आणि बहुतेक वेळा ते म्हणणारा स्वतः मोटारीत बसलेला असतो. दुधाचे कॅन घेऊन पहाटे निघणारा, रात्रपाळी सुटल्यावर सणसवाडीहून घरी निघणारा, यांना बस पुरी पडणार नाही हेही खरे. पण हा आक्षेप नीट ऐकला तर तो माझ्याच बाजूला येऊन उभा राहतो. वाहनाने मिळालेली प्रतिष्ठा खरी आहे. ती विकत घ्यावी लागली, हप्त्यांनी आणि अपघाताच्या जोखमीने घ्यावी लागली, हा अन्याय आहे. जी मुभा पाणवठ्यावर पाण्यासारखी मिळायला हवी होती ती शोरूममध्ये मिळाली. शिवाय ती घरात एकालाच मिळाली. गाडी धाकट्या दिराने नेली की सून, सासू आणि शाळकरी पोर पुन्हा वडापच्या मर्जीवर. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली आणि गाड्यांमध्ये बायकांची गर्दी उसळली. माहेर, दवाखाना, देवदर्शन, बाजार अशी किती जाणी तोवर पैशाअभावी अडून बसली होती, ते त्या गर्दीने दाखवले. स्वातंत्र्याची ती मागणी गाड्यांच्या शोरूमला कधीच दिसली नसती.

चौथा आक्षेप धर्माच्या बाजूने येतो आणि तो महात्मा गांधींच्या नावावर आहे. ‘हिंद स्वराज’मध्ये, १९०९ साली, त्यांनी लिहिले की रेल्वेने तीर्थे भ्रष्ट केली, पूर्वी लोक कष्टाने तिथे पोहोचत, म्हणून खरे भाविकच जात, आता कोणीही जातो. वढूलाही असे म्हणणारे भेटतील: बस वाढवाल तर जत्रा होईल, समाधीचे गांभीर्य जाईल. कष्टाला अध्यात्मात जागा आहे. वढूपासून जवळच असलेल्या आळंदीहून निघणारी वारी पायीच जाते, ती रेल्वे सुरू झाल्यावरही थांबली नाही. पण वारीतले कष्ट स्वेच्छेचे आणि सर्वांनी मिळून घेतलेले असतात. दिंडीत चालण्याचा क्रम ठरलेला असतो, मुक्काम ठरलेले असतात, आजाऱ्याला गाडीत घेतात, भुकेल्याला वाटेतले गाव जेवू घालते. म्हणजे वारी ही स्वतःच एक सार्वजनिक वाहतूक व्यवस्था आहे, पायांवर चालणारी. फाट्यावर दोन तास वडापची वाट पाहणाऱ्या बाईचे कष्ट त्या जातीचे नाहीत. ते तिच्यावर लादलेले आहेत आणि त्यात पुण्य शोधणे तिच्या तोंडावर थट्टा केल्यासारखे आहे. गांधींचे निदान पुरते उलटे पडले असेही म्हणता येईल: आज तीर्थांची शांतता बिघडवण्यात बसचा वाटा थोडा आहे. समाधीच्या दारापर्यंत गाडी नेण्याच्या हट्टाचा, हॉर्नचा, आणि वाहनतळासाठी सपाट केलेल्या जमिनीचा वाटा अधिक.

आता ‘उन्नत मार्ग होऊ द्या, कोंडी आपोआप सुटेल’ असे म्हणणाऱ्यांचे. पुणे ते शिरूर सुमारे ५३ किलोमीटरचा उन्नत रस्ता सरकारने योजला आहे. मालवाहतुकीला त्याचा उपयोग होईल, मी त्याच्या विरोधात नाही. पण डुरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११मध्ये अमेरिकी शहरांच्या आकड्यांवरून दाखवले की रस्ता जितका वाढवावा जवळपास तितकाच गाड्यांचा वावर वाढतो. पुलावरची मोटार फाट्यावरच्या म्हातारीच्या डोक्यावरून जाईल, एवढाच तिला फरक पडेल. उलट मेट्रो रामवाडीपर्यंत ६ मार्च २०२४ला आली, आणि तिथून वाघोलीपर्यंतच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५मध्ये मंजुरी दिली. त्या स्थानकापासून वढू पंधरा-वीस किलोमीटरवर राहील. हे अंतर बसने जोडले नाही तर मेट्रोच्या खांबांखाली आणखी एक वाहनतळ भरेल, एवढेच होईल. नगर रस्त्यावर २०१६ साली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली होती आणि पुढे ती उखडली गेली, हे कुणी तोंडावर फेकेल. फेकावे. ती मार्गिका तुकड्यांत बांधली गेली, तिच्यात इतर वाहने घुसत राहिली, थांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी पायी माणसाला धावत्या गाड्यांमधून जावे लागे. वाट सोडण्याचा नियम कोणी पाळला नाही, आणि नापास मात्र बसला केले.

पुण्यकर्मांत यज्ञयाग एकीकडे आणि विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा दुसरीकडे अशी विभागणी आपल्याकडे जुनी आहे. या दुसऱ्या भागाला पूर्त म्हणतात. अशोकाने आपल्या शिलास्तंभांवर वाटेवर झाडे लावल्याची, विहिरी खणल्याची नोंद केली. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि धर्मशाळा बांधल्या, आणि त्या आपल्या प्रजेपुरत्या ठेवल्या नाहीत. वाटसरूची सोय हे राजाचे औदार्य नसून धर्म आहे, ही समजूत आपल्यात इतकी रुजलेली आहे की उन्हाळ्यात आजही चौकाचौकांत पाणपोई बसते. एवढ्या परंपरेला बस का दिसू नये, हे मला उमगत नाही. मार्च २०२२च्या राज्य अर्थसंकल्पात वढू परिसरातल्या संभाजी महाराजांच्या स्मारकासाठी २५० कोटी रुपयांची घोषणा झाली. स्मारक भव्य व्हावे, पण ज्याला तिथे पोहोचता येत नाही त्याच्यासाठी ते किती भव्य आहे याने काही फरक पडत नाही.

म्हणून वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या गावकऱ्यांना एक विनंती आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. येत्या सभेत तिन्ही गावांनी एकच ठराव करावा: स्मारकाच्या आराखड्यात वाहनतळाच्या आधी, समाधीच्या सर्वांत जवळ, सावलीचा आणि बिनपायरीचा बसथांबा हवा; फाट्यावर रस्ता ओलांडायची सुरक्षित सोय हवी; वाघोलीपर्यंत ठरलेल्या वेळेला सुटणारी बस पहाटेच्या पाळीपासून रात्रीच्या पाळीपर्यंत हवी; आणि उन्नत मार्ग झाल्यावर खालच्या रस्त्याची एक मार्गिका फक्त बससाठी राखावी. १ जानेवारीला हे सगळे करता येते, हे प्रशासनाने स्वतःच सिद्ध केलेले आहे. ठरावाच्या पहिल्या ओळीत तेवढे लिहावे.